उभं राहिलं की थांबणारी गाडी

ब्राउनश्वाइगला आमच्या गल्लीतल्या लिंडेनच्या झाडांना बहर आला की खाली उभ्या केलेल्या मोटारींच्या टपांवर चिकट थर बसतो. समोरचे आजोबा रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन येतात आणि झाडाकडे रागाने बघत गाडी पुसतात. माझ्या मुलीच्या, ईराच्या शाळेत सुट्टीचे वेध लागतात. आणि मला, प्रयोगशाळेत धातूच्या पट्ट्या ताणून तोडण्याचं माझं रोजचं काम करत असताना, एकदम खारा वारा आणि डिझेल असा एकत्र वास येतो. खरं तर येत नाही. ब्राउनश्वाइगपासून समुद्र चांगलाच लांब आहे. पण मला येतो, दरवर्षी येतो, आणि त्याच्याशी वाद घालणं मी आता सोडून दिलं आहे.

तो वास बाल्टिकच्या काठावरच्या एका स्टेशनाचा. त्याला आपण म्योवेनडॉर्फ म्हणू या. खरं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या उन्हाळ्यात इथली अर्धी मराठी मंडळी पुऱ्या-बटाट्याची भाजी बांधून तिथे हजर होतील, आणि तिथे राहायला पक्की जागा एकच आहे: स्टेशनाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. ती जागा मला हवी असते.

स्टेशन म्हणजे तरी काय? एक रूळ, एक फलाट, लाल विटांची एक इमारत आणि वाऱ्याने एका बाजूला झुकलेले चार पाइन. फलाटाच्या मागे वाळूची टेकाडं, त्यांवर काटेरी गुलाबाची झुडपं, आणि त्यापलीकडे समुद्र. दोन डब्यांची गाडी दिवसातून चार वेळा येते आणि बहुतेक वेळा न थांबता निघून जाते, कारण म्योवेनडॉर्फ हा ‘बेडार्फ्सहाल्ट’ आहे. म्हणजे मागितला तरच मिळणारा थांबा. गाडीत असाल तर आतलं बटण दाबायचं. बाहेर असाल तर ड्रायव्हरला दिसेल असं फलाटावर उभं राहायचं. दोन्हींपैकी काही नसेल तर गाडी वेग थोडा कमी करते, जरा अंदाज घेते आणि जाते.

मला या देशात येऊन बारा वर्षं झाली, आणि मला वाटतं, हा सगळा देशच बेडार्फ्सहाल्ट आहे. आपल्याकडे पाहुणा ‘नको, नको’ म्हणतो तेव्हा त्याच्या पानात आणखी एक पोळी पडते. इथे मी पहिल्या वर्षी माझ्या प्रोफेसरांच्या घरी केकच्या दुसऱ्या तुकड्याला रीतीप्रमाणे एकदा नको म्हटलं, आणि तो केक माझ्या डोळ्यांदेखत फ्रीजमध्ये गेला. फार सुंदर केक होता. त्यानंतर मी शिकले. हवं असेल तर हवं म्हणायचं, नीट समोर उभं राहायचं. तसं राहिलं की मात्र गाडी थांबते, हेही खरं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. दौंडच्या पलीकडे एका एवढ्याशा स्टेशनावर त्यांची बरीचशी नोकरी झाली. तिथे पॅसेंजर सोडली तर काही थांबत नसे. अण्णांचं काम म्हणजे मेल आणि एक्स्प्रेस सुखरूप पुढे काढून देणं. गाडी धडधडत येताना फलाटावर उभं राहायचं, हिरवा झेंडा आडवा धरायचा, आणि शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ची पाटी डोळ्यांनी बघेपर्यंत हलायचं नाही. ती पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, मधेच कुठे डबे सुटून राहिले नाहीत. मग आत जाऊन रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. अडतीस वर्षं त्यांनी हे केलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, “माझ्याकडे एवढं टक लावून कधी बघितलं नाही हो यांनी.”

ब्राउनश्वाइगमध्ये अण्णांचा जीव रमेना. ट्रामच्या थांब्यावर जाऊन मनगटावरच्या घड्याळाशी ट्राम ताडून बघणं, एवढाच विरंगुळा. “दोन मिनिटं लेट,” घरी आले की सांगायचे, आणि त्यात जर्मनीबद्दलची निराशा आणि थोडासा आनंद असे दोन्ही असायचे. म्हणून ईराला सुट्टी लागताच मी थोडी रजा आणि थोडं होम ऑफिस असं जमवलं, आणि नवऱ्याने, मिलिंदने, शनिवार-रविवारी यायचं ठरवलं. आम्ही चौघं म्योवेनडॉर्फला निघालो. शेवटच्या गाडीत ईराने थांब्याचं लाल बटण दाबलं, तेव्हा अण्णांना ते बघवेना.

“गाडी थांबवायची की नाही हे उतारू ठरवणार?”

“अहो अण्णा, इथे तशीच पद्धत आहे.”

“आणि स्टेशनमास्तर काय करणार?”

“स्टेशनमास्तर नाहीच आहे.”

यावर ते खिडकीबाहेर बघत बसले.

फलाटावर आम्हाला घ्यायला फ्राऊ क्रोगमान उभ्या होत्या. इमारत त्यांची. पंचाहत्तरीच्या घरातल्या, काटक, कानाच्या पाळीपर्यंत सरळ रेषेत कापलेले पांढरे केस. त्या याच इमारतीत वरच्या खोलीत जन्मल्या, कारण त्यांचे वडील इथले शेवटचे स्टेशनमास्तर. रेल्वेने इमारत विकायला काढली तेव्हा त्यांनी ती घेतली. खालची तिकीटखोली त्यांनी जशीच्या तशी ठेवली आहे: पितळी जाळीची खिडकी, तिकिटांवर तारीख उठवायचं यंत्र, वडिलांची टोपी. त्या खोलीत बसून त्या म्योवेनडॉर्फ स्टेशनाचा इतिहास लिहीत होत्या. सगळं गाव म्हणजे पन्नासएक घरं, त्यातल्या स्टेशनाचा इतिहास वाचणार कोण, असं मला वाटलं होतं. अण्णा मात्र खुर्ची ओढून बसलेच.

मी दुभाषी. फ्राऊ क्रोगमान एकेक खोका उघडायच्या, मी सांगायचे, अण्णा मान डोलवायचे. स्टेशन गावापासून दोन किलोमीटर लांब का, तर गावाजवळच्या जमिनीच्या मालकाने आपल्या गाई इंजिनाला बुजतील म्हणून हट्टाने जागा दिली नाही. मग रूळ वाळूवरून नेला आणि स्टेशन समुद्रापाशी आलं. त्यामुळेच बर्लिनच्या बायका मोठाल्या टोप्या घालून समुद्रस्नानाला इथे उतरू लागल्या, आणि त्या गाईवाल्याच्या सुना त्यांना दूध विकू लागल्या. परतीच्या डब्यांतून खारवलेल्या मासळीची पिंपं जायची, आणि टोप्यावाल्या बायकांनी वासाबद्दल केलेली लेखी तक्रार फ्राऊ क्रोगमान यांच्याकडे अजून आहे. युद्ध संपलं त्या हिवाळ्यात पूर्वेकडून पळून आलेली माणसं या वेटिंग रूममध्ये सुटकेसांवर बसून राहिली. त्यांपैकी एक मुलगी पुढे कधी गेलीच नाही, तीच फ्राऊ क्रोगमान यांची आई. नंतर पूर्व जर्मनीच्या काळात उन्हाळी शिबिरांची मुलं गळ्यात रुमाल बांधून उतरायची आणि स्टेशनमास्तरच्या परसातल्या शेंगा पळवायची. राजवटी आल्या, गेल्या, झेंडे बदलले, टोपीवरचं चिन्ह बदललं. फलाटावरची नावाची पाटी मात्र तीच. दर वेळी नवा रंग.

“आमच्याकडे पाटी तीन भाषांत असायची,” अण्णा म्हणाले. “रंगवणारा एकच. त्यामुळे तिन्हींत चुका सारख्या.”

हे भाषांतर करताना मला वेळ लागला. पण फ्राऊ क्रोगमान हसल्या, आणि त्या हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यांच्या इतिहासाच्या वहीची सगळी पानं सुबक अक्षरात भरली होती. शेवटचं तेवढं कोरं. मी विचारलं तेव्हा त्यांनी वही मिटली. थांबा राहणार की बंद होणार हे शरद ऋतूत ठरायचं होतं. हिवाळ्याचं नवं वेळापत्रक होण्याआधी, या उन्हाळ्यात गाडी इथे किती वेळा खरोखर थांबते ते अधिकारी बघणार होते. गाडीतला संगणक प्रत्येक थांबा टिपून ठेवतो. आणि गाडी जवळजवळ थांबतच नव्हती. शेवटच्या पानावर ‘इथे गाडी थांबणं बंद झालं’ हेच लिहावं लागणार, असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं. जन्मघराच्या खिडकीखालून गाडी न थांबता जाणार, उरलेलं सगळं आयुष्य.

“मग तुम्हीच रोज उभ्या राहा की फलाटावर,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या वडिलांच्या टोपीत फुलझाड लावलं असावं. “मला कुठे जायचं नसेल तर मी गाडी का थांबवू?”

पहिले काही दिवस मजेत गेले. आई आणि ईरा वाळूत. आई त्या वेताच्या छपरी खुर्चीत पाय वर घेऊन विणत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मराठीत ‘या’ म्हणायच्या. लोक यायचे सुद्धा. मी गॅलरीत कानांवर हेडफोन लावून मीटिंगांमध्ये. आणि अण्णा एकदम तरतरीत. रोज चारही गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पाच मिनिटं आधी खाली. फक्त एक तक्रार.

“काय लोक आहेत इथले! रोज कुणीतरी आतून बटण दाबतं, गाडी थांबते, दार उघडतं, आणि उतरत कुणीच नाही!”

“झोप लागत असेल,” आई म्हणाल्या.

“चारही गाड्यांत?”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेतलं एक यंत्र रुसलं होतं आणि माझं चित्त तिकडे. आठव्या दिवशी सकाळी गाडी थांबल्याचा आवाज आला, दाराचा पीप-पीप आवाज आला, आणि मग ‘हालो?’ अशी हाक आली. मी वाकून पाहिलं. अण्णा फलाटाच्या टोकाशी ताठ उभे. हातात आमच्या स्वयंपाकघरातलं हिरवं फडकं, आडवं धरलेलं. समोर गाडी. आणि गाडीतून उतरलेला धिप्पाड, लालसर दाढीचा, एका कानात बाळी घातलेला ड्रायव्हर.

“आल्झो, तर मग,” तो मला वर बघून म्हणाला, “हे गृहस्थ कधी चढणार आहेत? आठवडाभर मी रोज थांबतोय. दार उघडतो. ते झेंडा दाखवतात, मान हलवतात. मला वाटलं, रेल्वेचे कुणी तपासनीस आहेत.”

“आजोबा विंकेन डोख नुअर!” ईरा वाळूतून ओरडली. आजोबा नुसता हात हलवताहेत, एवढंच. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र जर्मन, आणि शक्य तितक्या मोठ्याने.

मी चपला न घालताच खाली धावले. बाहेर नुसतं उभं राहिलं तरी गाडी थांबते, हे अण्णांना सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. त्यांना वाटलं, बटण फक्त आत असतं. ते आपले जाणाऱ्या गाडीला ऑल राइट देत होते, शेवटचा दिवा बघत होते, जसं अडतीस वर्षं केलं तसं. आयुष्यभर त्यांनी उभं राहून गाड्या पुढे काढून दिल्या, आणि इथे त्यांच्या उभं राहण्यानेच गाडी थांबत होती.

मी समजावून सांगितलं. ड्रायव्हर पोट धरून हसला आणि ‘जा, जा, काही हरकत नाही’ म्हणत गाडी घेऊन गेला. पण अण्णांचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यांनी फडक्याची घडी घातली आणि वर निघून आले.

“अडतीस वर्षांत मी एक गाडी विनाकारण उभी केली नाही,” ते म्हणाले. “एक नाही. आणि इथे परक्या देशात येऊन आठ दिवस.”

दोन दिवस ते खाली गेले नाहीत. गाडीची वेळ झाली की उठायचे, दारापर्यंत जायचे, आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. मला ते बघवेना. आईसुद्धा चेष्टा करेनात, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आणि मजा अशी, की त्या दोन दिवसांत एकही गाडी थांबली नाही. इतक्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की फ्राऊ क्रोगमान इथे वर्षभर काय ऐकत असतील.

“अहो अण्णा,” मी शेवटी म्हटलं, “तुम्ही चूक नाही केलीत, उपकार केलेत. आठवडाभर रोज चार वेळा गाडी थांबली. सगळं संगणकात नोंदलं गेलंय. या स्टेशनाचा जीव वाचेल त्याने!”

त्यांनी मान वर केली. माझं म्हणणं पटलं होतं असं नाही, पण विचार सुरू झाला होता.

रविवारी फ्राऊ क्रोगमान यांनी आम्हाला खाली तिकीटखोलीत कॉफी-केकला बोलावलं. केक कापून झाल्यावर त्यांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र होतं. अमुक ते अमुक तारखेदरम्यान म्योवेनडॉर्फला झालेले थांबे एका पाहुण्याच्या गैरसमजातून झाले असून ते मोजणीतून वगळावेत. टाकण्याआधी अण्णांना दाखवणं त्यांना योग्य वाटत होतं.

मी वाचून थक्क झाले. “तुमच्याच स्टेशनाच्या मुळावर उठताय तुम्ही!” मी जर्मनमध्ये म्हणाले, आणि मग तणतणत मराठीत, “बघा ना अण्णा, या बाईंना काही कळतं का? आयते थांबे मिळाले होते, ते सुद्धा परत करताहेत!”

अण्णांनी ते पत्र हातात घेतलं. एक अक्षर कळत नव्हतं, तरी वरून खालपर्यंत बघितलं.

“बरोबर केलं त्यांनी,” ते म्हणाले. “रजिस्टरमध्ये खोटी एन्ट्री नको.”

फ्राऊ क्रोगमान माझ्याकडे बघत होत्या. मी नाइलाजाने भाषांतर केलं.

“गेनाऊ,” त्या म्हणाल्या. अगदी बरोबर. आणि अण्णांना काही न विचारता त्यांनी त्यांच्या ताटलीत केकचा दुसरा तुकडा वाढला. या देशात बारा वर्षांत मी असं एकदाच पाहिलं आहे.

मग त्या हळूच म्हणाल्या, की पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीतून अण्णांना पाहिलं होतं. गाडी निघाल्यावर माणसं पाठ फिरवतात. हे गृहस्थ शेवटचा दिवा दिसेनासा होईपर्यंत उभे होते. त्यांचे वडीलही असेच उभे राहायचे. तोच नियम, तेच कारण. तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं की हा माणूस रेल्वेचा आहे. आठवडाभर त्या रोज खिडकीत यायच्या, आणि म्हणूनच ही चूक सांगायला त्यांना इतका उशीर झाला. हे सांगताना त्या लाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

“निघालात कुठे?” आईंनी विचारलं.

“पुढच्या स्टेशनला. उतारू चढला की थांबा खरा. त्यात खोटं काही नाही.”

“काय आहे पुढच्या स्टेशनला?”

“परतीची गाडी.”

आईंनी विणकाम ठेवलं आणि पदर खोचला. “थांबा, मी पण येते. तुम्हाला काय, तुम्ही भलत्याच गाडीत बसाल.”

महिन्याचे पास मिलिंदने दोघांना आधीच काढून दिलेले होते. गाडी आली, थांबली. दाढीवाल्याने दार उघडलं आणि अण्णा चढले तेव्हा हॉर्न वाजवला. मी फलाटावर उभी राहून हात हलवत होते आणि मला वाटत होतं, की काही तरी फार मोठं घडतंय. दोन म्हातारी माणसं अकरा मिनिटांच्या प्रवासाला निघाली होती, एवढंच.

मग तो नेमच झाला. सकाळी जायचं, पुढच्या गाडीने यायचं. आईंना त्या गावात औषधांच्या दुकानासमोर एक बाक सापडला, आणि एका दुकानात असा क्वार्क सापडला, की त्याला चक्क्याची चव होती. त्यांनी त्याचं श्रीखंड केलं. किनाऱ्यावर नारिंगी पडायला लागलेल्या सँडडॉर्नच्या आंबट फळांचा रस फ्राऊ क्रोगमान यांनी त्यात घालून पाहिला. आईंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग दोन वाट्या खाल्ल्या.

अण्णांनी ईराच्या एका कोऱ्या वहीत रकाने आखले. तारीख, गाडी, वेळ, चढले, उतरले, शेरा. शेऱ्याचा रकाना मी चोरून वाचायचे. ‘चालक वक्तशीर.’ ‘पाऊस. फलाट निसरडा.’ ‘समुद्रपक्ष्याने एका उतारूचा पाव नेला. उतारू सुखरूप.’ ज्या गाडीने जायचं नसेल ती मात्र थांबवायची नाही, यावर ते ठाम होते. पण निरोप दिल्याशिवाय गाडी सोडणं त्यांच्याने होत नव्हतं. म्हणून ते परसात, शेंगांच्या वेलामागे, कुंपणाच्या आत उभे राहायचे. फलाटावर नाही, म्हणजे गाडी थांबणार नाही. तरी ड्रायव्हरला हिरवं फडकं दिसणार. तो हॉर्नचा एक छोटा आवाज देऊन जायचा.

एका संध्याकाळी श्रीखंड खाता खाता अण्णांनी मला म्हटलं, “त्यांना विचार, त्या शेवटच्या कधी बसल्या होत्या या गाडीत?”

मी विचारलं. फ्राऊ क्रोगमान यांचा चमचा वाटीतच राहिला. त्यांनी खिडकीतून रुळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या वडिलांच्या टोपीकडे. नवरा आजारी होता तेव्हा मोटार लागायची, त्या म्हणाल्या. मग तो गेला आणि मोटार राहिली. पाव आणायलाही मोटारीनेच जायचं. “कधी बसले ते… मला आठवत नाही.”

स्टेशनाचा सगळा इतिहास ज्या बाईंना पाठ होता, त्यांना हे एक आठवत नव्हतं. अण्णांनी त्यांच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं. मला भाषांतर करायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फलाटावर होत्या. निळा चांगला कोट, हातात पावाची टोपली. अण्णांनी घड्याळात बघितलं आणि सरकून जागा केली. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘चढले तीन.’

पुढचं आपसूक होत गेलं. टोपली घेऊन गाडीतून जाणाऱ्या फ्राऊ क्रोगमानना पाहून गावातल्या दोघी मोटारी सोडून आल्या. मग गावाजवळच्या मैदानावर सुट्टीला तंबू ठोकून राहिलेली निवृत्त मंडळी. मंगळवारी डॉक्टरकडे, गुरुवारी बाजाराला, रविवारी चर्चच्या गायनाला. कुणी उगाच थांबवत नव्हतं, प्रत्येकाला कुठे तरी खरंच जायचं होतं. अण्णा सगळ्यांना हाताने पांढऱ्या रेघेच्या मागे उभं करायचे आणि जर्मन माणसं मुकाट्याने उभी राहायची.

ऑगस्टच्या मध्यावर आमची परतायची वेळ झाली. सामान फलाटावर आलं. निघताना अण्णांनी ती वही फ्राऊ क्रोगमान यांच्या हातात दिली. मी म्हटलं, अहो, घरी आठवण म्हणून राहू दे की. “रजिस्टर स्टेशनचं असतं,” ते म्हणाले. “ते स्टेशनातच राहतं.” गाडी हलली. अण्णा मागच्या काचेशी जाऊन उभे राहिले. फलाटावर फ्राऊ क्रोगमान ताठ उभ्या होत्या, हातात आमच्या स्वयंपाकघरातलं हिरवं फडकं आडवं धरून, आणि वळण येऊन त्या दिसेनाशा होईपर्यंत हलल्या नाहीत. अण्णांनी मग चष्मा पुसला. रडले नाहीत, पण बराच वेळ पुसला.

ऑक्टोबरमध्ये फ्राऊ क्रोगमान यांची ई-मेल आली. थांबा पुढच्या वेळापत्रकात राहिला होता. त्यापुढचं त्यापुढे बघू, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. खाली त्यांचं एकच वाक्य: ‘आल्झो, तूर्तास.’ मी तो शब्द किती तरी वेळा वाचला. आम्हीसुद्धा इथे तूर्तासच आलो होतो, मिलिंद आणि मी, दोन सुटकेसा घेऊन, आणि त्या तूर्तासमध्ये एक मुलगी, एक घर आणि लिंडेनच्या झाडाखालची एक चिकट मोटार झाली. वाईट नसतो तूर्तास. त्यानंतर दर ऑक्टोबरला त्यांची तशीच ई-मेल येते, आणि दर उन्हाळ्यात आम्ही जातो.

यंदा अण्णा-आई आले नाहीत. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं. बरे आहेत. दौंडच्या घरी पलंगावरून गाड्यांचे आवाज ऐकतात आणि लेट किती ते आईंना सांगतात. मी मात्र परवा इथे पोचले, आणि फ्राऊ क्रोगमान यांनी फलाटावरच माझ्या हातात पुस्तक ठेवलं. छापून झालं होतं. पातळसं, निळ्या कव्हरचं. शेवटच्या पानाबद्दल मी तीन वर्षं विचारत होते आणि त्या तीन वर्षं काही सांगत नव्हत्या.

मी वर गेले, खिडकीशी बसले आणि आधी शेवटचं पानच उघडलं. आज सकाळी अण्णांना फोन लावला तेव्हा मी पुस्तक घेऊन फलाटावर उभी होते. पायात सपाता, अंगात घरचा टीशर्ट.

“अण्णा, शेवटच्या पानावर तुमच्या वहीचं पान छापलंय. फोटो काढून. तुमच्या अक्षरात.”

“कुठलं पान?”

“शेवटचं. आम्ही निघालो त्या दिवशीचं. पण त्या दिवशीची ओळ तुम्ही लिहिली नव्हती ना, तुम्ही गाडीत होतात. ती फ्राऊ क्रोगमाननी भरली आहे. तारीख, गाडी, चढले चार, उतरले शून्य.”

“शेरा?”

मी वाचलं. जर्मनमध्ये होतं, मी मराठी करून सांगितलं. “गाडी पूर्ण गेली. स्टेशनमास्तर गाडीत.”

फोनमध्ये मागे आईंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“वेळ लिहिली आहे का?” अण्णांनी विचारलं.

“लिहिली आहे. मिनिटापर्यंत.”

“मग ठीक आहे.”

एवढ्यात पाइनच्या झाडांमागून गाडी आली. मी कुठे उभी आहे याचं मला भानच नव्हतं. गाडीने वेग कमी केला आणि बरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दार उघडलं. दाढी आता थोडी पांढरी झालेला ड्रायव्हर खिडकीतून बघून हसत होता. दाराचा पीप-पीप आवाज फोनमधून दौंडपर्यंत गेला असणार.

“थांबली?” अण्णा म्हणाले.

“थांबली. मी उभी होते ना इथे.”

“मग बघत काय राहिलीस? चढ. विनाकारण उभी करू नकोस गाडी.”

मी सपातांवरच चढले.